सोजराबाईचे सोललेले तळहात

“केस जागच्या जागी. उलटी न्हाई, मळमळ न्हाई. ह्याला औषध म्हंत्यात व्हय? रंगाचं पानी सोडत्यात तुझ्या अंगात,” हौसराव म्हणाला.

“आन् हे काय हाय?” सोजराबाईनं दोन्ही तळहात नवऱ्याच्या तोंडापुढं धरले. लालभडक, सुजलेले, बोटांच्या पेरांवरची कातडी सुटलेली.

“खुरपून हुतं तसं.”

“खुरपं दिवाळीपास्नं धरलं न्हाई म्या. तुमच्या पाव्हण्यांच्या भाकरीनं झालंय हे.”

राहू गावातल्या त्या घरात एप्रिलअखेरीची दुपार तापली होती. सोजराबाई नुकतीच पुण्याहून परतली होती, औषध न घेताच. हात बघून डॉक्टरीणबाईंनी तिला माघारी धाडलं होतं.

ओटीपोटातल्या कॅन्सरची गाठ दुसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेच्या औषधानं केस गेले, अन्नाचा वास सहन होईना. तेव्हा उलटीची बादली हौसरावच उचलायचा. म्हणून तर ह्या नव्या औषधावर त्याचा विश्वास बसेना.

बाईंनी सोजराबाईला नीट समजावलं होतं. औषध चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत भरलेलं असतं, म्हणून ते रक्तात बरेच दिवस टिकतं. चांगल्या शिरांतून ते सहसा बाहेर पडत नाही. गाठीच्या शिरा मात्र शेताला पाणी नेणाऱ्या फुटक्या चारीसारख्या. तिथं फुगे पाझरतात, साठतात आणि औषध हळूहळू सोडतात. पण थोडं तळहात-तळपायांतही उतरतं. म्हणून औषधाची बाटली लावल्यावर काही दिवस ऊन-गरम नको, हातांना घासणं नको. चूल तर नकोच.

हे तिनं घरी सांगितलं होतं. तरी चौदा एप्रिलला, बाटली लागून दोनच दिवस झालेले असताना, जयंतीला केंदूरचे पाहुणे आले. सोजराबाई भिंतीला टेकून बसली, तर सगळ्यांदेखत हौसराव हसत म्हणाला, “एवढा थोरला अंबाडा मिरवती आन् म्हनं आजारी.” पाहुणेही हसले. ती रागानं उठली. कढत पाण्यात पीठ मळलं, ताटभर पिठावर भाकरी थापत राहिली. तो राग आता तिच्याच हातांवर फुटला होता.

“डाक्टरनीच थांबवलं ना औषध? मग खोटंच असनार,” हौसरावनं आपलंच लावून धरलं.

“खोटं हाय म्हनून न्हाई थांबवलं. हात भरून आल्याबिगर बाटली लावायची न्हाई. तवर गाठ थांबनार हाय व्हय माझ्यासाठी? बादली भरली की मी आजारी. न्हाई भरली की मी ढोंगी.”

हौसराव चुलीकडं बघत, खालच्या आवाजात म्हणाला, “बरं, ऱ्हाऊ दे. आज जाड्याभरड्या चार थाप. उद्याचं उद्या बघू.”

कोपऱ्यातल्या पिशवीत सोजराबाईनं दोन लुगडी कोंबली. पिशवीचे बंद मुठीत धरवेनात, म्हणून ती कोपरात अडकवली. मांडवगणला तिची बहीण होती, मुक्ताबाई.

“कुठं निघाली?” हौसराव उंबऱ्यापर्यंत आला. “सोजरे, परत कवा येशील?”

ती मांडवगणच्या जीपकडं चालू लागली.