गेल्या तीस दिवसांत

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरांत होती. मी इन्फंट्रीत हवालदार, सेक्शन कमांडर. पहाटे पाचला फॉल-इन, साडेपाचला रस्त्यात सुरुंग पेरलेत का ते तपासायला बाहेर. गाड्या यायच्या आधी वायरलेस सेटवर 'क्लिअर' कळवायचं. रोजचं काम.

त्या दिवशी ६.४० ला एका वळणावर मी लान्स नायक सदाशिवला म्हणालो, "पुढं हो." तो निपाणीजवळच्या गावचा. बारा पावलं गेला आणि स्फोट झाला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर." सेटवर माझा आवाज स्थिर होता.

नंतर दोन वर्षं नोकरी केली. पेन्शनवर जांबोटीला आलो आणि हळूहळू माणसांतून उठलो. बाजारात जाईना, भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसेना. शेवटी बायकोनं, शांतानं, मला बेळगावला कॅम्पातल्या दवाखान्यात उपचाराला नेलं.

डॉक्टर मॅडमनी आधी एक फॉर्म दिला. गेल्या तीस दिवसांत लक्ष लावणं, घरातली कामं, अनोळखी माणसांशी बोलणं किती जड गेलं? मी सगळीकडं 'अजिबात नाही'वर खूण केली. पाच मिनिटांत फॉर्म परत.

शांतानं तो वाचला. "ह्ये खोटं हाय, मॅडम. पोरीच्या लग्नात ह्ये मांडवाभाईर हुते."

"मी काय अपंग न्हाय," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "हवालदारसाहेब, चुकीच्या रिपोर्टवर तुम्ही जवानांना गस्तीवर काढाल?"

"न्हाय."

"मग मी उपचार कसा ठरवू?"

दुसरा फॉर्म भरायला पाऊण तास लागला. या वेळी खरं लिहिलं.

मग दर मंगळवारी अकराला बसायचं. डोळे मिटून ६.४० ला घडलेलं सांगायचं, पुन्हा पुन्हा. चौथ्या वेळी 'पुढं हो'पाशी आलो आणि उठून निघून गेलो. पुढच्या मंगळवारी वेळेवर हजर झालो.

तिसऱ्या महिन्यात सदाशिवच्या आईचा फोन आला. गावच्या शाळेत त्याच्या स्मरणाचा कार्यक्रम असतो. दरवर्षी बोलवायच्या, मी टाळायचो. यंदा गेलो.

सकाळी दहाला बोलायला उभा राहिलो आणि फाटकाबाहेर फटाक्यांची माळ सुटली. मॅडमनी शिकवलं तसे पाय जमिनीवर दाबले. ही शाळा. समोर पोरं. पहिल्या रांगेत शांता. माळ संपली तेव्हा मी उभाच होतो. आणि बोललो.

नंतर सदाशिवच्या आईंसमोर गेलो. "आक्का, पुढं हो म्हणणारा मीच हुतो."

"ठावं हाय रं. त्याच्या सायबानं तवाच सांगितलं हुतं." त्यांनी माझा हात धरला. "हुकूम हुता त्यो. तू येत न्हाईस, ह्येच लई लागायचं."

मंगळवारी पुन्हा तोच फॉर्म. अनोळखी माणसांशी बोलणं: 'थोडं जड'. लक्ष लावणं: 'अजिबात नाही'. या खेपेला खरं. मॅडमनी खोटा फॉर्म बाजूला काढला आणि दोन खरे शेजारी ठेवले. बहुतेक खुणा डावीकडं, 'अजिबात नाही'च्या बाजूला सरकल्या होत्या. चढाई करून टेकडी घेतल्यावर ऊर भरून येतो, तसं झालं. बाहेर पडल्यावर मीच म्हणालो, "शांता, चल, बाजारात जाऊ."

त्या सकाळी शाळेत मी सांगितलं ते एवढंच. लान्स नायक सदाशिव शिव्या कन्नडमध्ये द्यायचा आणि गाणी मराठीत म्हणायचा. भात करपवायचा, वर आग्रह करून वाढायचा. थंडीत दुसऱ्याची ड्यूटी मागून घ्यायचा. पोरं हसली. त्याची आई हसली. इतकी वर्षं मला त्याची शेवटची बारा पावलंच दिसायची. आता सगळा सदाशिव आठवतो.