चिंध्या बांधलेला दोर

माझं शेवटचं पोस्टिंग काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होतं. सेक्शनमध्ये दहा जण, त्यांत ठाणे जिल्ह्याचे दोघं. मी शहापूरचा, हवालदार. लान्स नायक हरड मुरबाडकडचा. शहापूर मोठं की मुरबाड, यावर आमचा रोज चहाबरोबर वाद व्हायचा आणि बाकीचे आठ जण कंटाळायचे.

पेट्रोलिंग पार्टी ०६०० ला निघायची, १५०० पर्यंत परतायची. वाटेत एक नाला होता. एरवी त्यात बूटसुद्धा धड भिजायचे नाहीत. त्या दिवशी आम्ही सहा जण होतो. वर डोंगरात पाऊस कोसळला, आणि १३२० ला नाल्यावर आलो तर पाणी कमरेला. मागची वाट दरडीखाली गेली होती. आम्ही उभे होतो तो काठही ढासळत होता.

हरडने दोर काढला. ओल्या हातातून दोर सटकतो, म्हणून हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला फर्स्ट एडच्या पट्टीची चिंधी बांधली. ज्याने त्याने आपली गाठ धरायची. शेवटच्याने काठावर राहून दोर ताणून धरायचा. तो स्वतः उतरतो तेव्हा त्याच्यासाठी मागे धरायला कुणी नसतं. ती जागा सेक्शन कमांडरची, म्हणजे माझी होती. मी तसं म्हणालोही.

“नाय साब. शेवटली गाठ माझी. तुमी चला.”

मी ऑर्डर द्यायला हवी होती. मी गेलो. पाच जण पार झालो. हरड निम्म्यात आला आणि वरून एक ओंडका आला. आम्ही दोर ओढला. शेवटची गाठ चिंधीसकट हातात आली. ती कुणी धरलेली नव्हती.

रेडिओवर रिपोर्ट मीच दिला.

“पार्टी पोहोचली. पाच जण. ओव्हर.”

“सहा म्हणायचंय का? ओव्हर.”

“पाच. ओव्हर.”

रिटायर होऊन मी वाशिंदला एका कारखान्याच्या गेटवर लागलो. कुणी भाषणाला बोलावलं की नेमकी माझी पाठ धरायची. यंदाच्या पावसाळ्यात विशे गुरुजींचा फोन आला. हरडला त्यांनी शिकवलं होतं, आणि बदल्या होत होत ते पुन्हा त्याच शाळेवर आले होते. पोरांना हरडबद्दल दोन शब्द सांगा, म्हणाले. या माणसाला पाठीचं सोंग सांगवेना.

०९४० ला मी शाळेजवळच्या ओढ्याशी पोहोचलो. पलीकडच्या पाड्यावरची पोरं गुडघाभर पाण्यातून येत होती. पुढे बाई, मागे पोरं, आणि पलीकडच्या काठावर पँट दुमडून, दोर ताणून उभे असलेले गुरुजी. दोराला हातभर अंतरावर गाठी होत्या. प्रत्येक गाठीला चिंधी. मधली एक गाठ मोकळी होती. मी तिथेच चिखलात बसलो.

गुरुजी सगळ्यांत शेवटी पार झाले आणि त्यांनी मला हात देऊन उठवलं. हे कधीपासून, एवढंच मी विचारू शकलो.

“लई वर्सं झाली. हरड नववी गाठ धरायचा. रोज शेवटली मागायचा. मी सांगायचो, ती मास्तरची.”

भाषण झालंच नाही. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटची जागा माझी होती, हेसुद्धा. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हंजे मीच शिकवलं त्याला,” ते म्हणाले. मग घंटा झाली. ते वर्गात गेले आणि पाढे घेऊ लागले. मी स्वतःचं ओझं उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

हा माणूस आता दोराला हात लावणार नाही, अशी माझी खात्री होती. मी स्वतः त्या दिवसानंतर लावला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी रजा टाकून ०९२० ला ओढ्यापलीकडे गेलो. गुरुजी माझ्या आधी हजर होते. डोळे सुजलेले. वाकून एकेक गाठ ओढून तपासत होते.

मी चपला काढल्या आणि म्हणालो, आज शेवटची गाठ माझी.

“शेवटली माझीच, साहेब. तुमी नववी धरा. ती मी कुणाला दिली नाय.”

आता मी कारखान्यात दुसरी पाळी मागून घेतली आहे. पावसाळाभर ०९२० ला ओढ्यावर असतो. पार झालो तरी गुरुजी वर येईपर्यंत दोर सोडत नाही. नववी गाठ लान्स नायक हरडची आहे. मी ती फक्त धरतो.