जेवणाच्या सुट्टीतला शब्द

लढाईच्या त्या दिवसांत आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम सक्तीचा होता. अशाच एका पाळीत प्रेस मशीनखाली माझा उजवा हात सापडला. अंगठा वाचला, बाकीची बोटं गेली. जखम भरली तरी पंजाला स्पर्श कळेना. खरं तर तेव्हा मलाच काही कळत नव्हतं. बायको रडायची आणि मी भिंतीकडे बघत बसायचो.

बरा होऊन कामावर गेलो, तर मला स्टोअरमध्ये बसवलं. जेवायला मात्र जुन्याच मित्रांत, शेडमागच्या कडुनिंबाखाली. पहिल्या दिवशी हाताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी डाव्या हातानं जेवत होतो. एवढ्यात एकाच्या हातून डब्याचं झाकण पडलं, आणि अधारताल वस्तीत माझ्या शेजारीच राहणारा मित्र सवयीनं म्हणाला,

“लुळा झाला का बे?”

सगळे हसले. आमच्यात हे रोजचंच होतं. पाना निसटला की लुळा, हाक ऐकू नाही आली की बहिरा. मग एकेकाची नजर माझ्या हाताकडे गेली.

“तुला नाही म्हटलं, यार,” शेजारी म्हणाला.

“माहीत आहे. मला कोणी म्हणतच नाही. माझ्यासमोर दुसऱ्याला शिवी म्हणून देता. अन् मी तर खरंच तसा आहे.”

मी रागावलो नव्हतो. पुढचा घास घेतला. वरणाला चव लागली नाही.

संध्याकाळी घरी जाताना तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होता.

“इतकं मनावर काहून घेऊन राहिला तू? गंमत असते ती. आता काय तोंड शिवून बसायचं?”

“बोल ना. तो शब्द तेवढा सोड.”

तो सायकलवर बसून निघून गेला. काही दिवस जेवायलाही दुसरीकडे बसला. मग एक दिवस आपणहून परत आला, डबा उघडला. त्याच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा ऐकला नाही. बाकीच्यांच्या तोंडचा मात्र दुरून कानावर यायचा.

लढाई संपली. संक्रांतीला शेजारी आणि मी तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत आंघोळीला गेलो. आंघोळ झाल्यावर घाटाच्या पायरीवर उभा राहून मी डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावत होतो. वेळ लागत होता. मागून कोणी ओरडलं, “ओ लूले, रास्ता छोड़!”

शेजारी गर्रकन वळला. “भैया, ढंग से बोलो! आदमी है वो!”

तो माणूस पुटपुटत बाजूनं गेला. शेजारी माझ्याकडे वळला.

“लागलं का रे तुला?”

“नाही.”

खरंच लागलं नव्हतं. बरंही वाटलं नव्हतं. नुसती थंडी वाजत होती. त्यानं माझ्या बटणांकडे हात केला. मी म्हटलं, “राहू दे.” त्यानं हात मागे घेतला आणि माझी बटणं लावून होईपर्यंत येणाऱ्या लोकांना “उधर से जाओ जी” म्हणत तिथंच उभा राहिला.