फळीची खालची बाजू

गेल्या आठवड्यात मुलानं गोठ्याच्या दाराला लावायला बाभळीची साल उकळत ठेवली. तो तुरट, ओला वास अंगणात पसरला आणि मला सासरची, दिंद्रुडची विहीर आठवली.

माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष होतं. सासरे सुतारकाम करायचे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. लाकडाला बुरशी धरू नये म्हणून ते त्याला सालीचा काढा पाजायचे. विहिरीवर पाणी शेंदायला उभं राहायची फळी त्यांनी काढा लावायला माझ्याकडं सोपवली. वरची बाजू मी लालभडक केली. फळी लई जड होती, उलटवायचा कंटाळा केला.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी जाऊबाई घागर घेऊन त्या फळीवर चढल्या. फळी करकरली नाही, नुसती मऊ दबली.

"बाई, मागं सरा!" मी ओरडले. त्या दचकून मागं झाल्या, तरी एक पाय मांडीपर्यंत आत गेलाच. दोर धरला म्हणून वाचल्या. तुटलेला तुकडा पाण्यावर आपटल्याचा आवाज फार उशिरा आला.

मामांनी उरलेली फळी उलटी केली. खाली कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती.

"खालनं काढा लावलता का, पोरी?"

"हाव, मामा."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. "मग लाकूडच वंगाळ आसंल," एवढंच म्हणाले.

तेव्हा वाटलं, सुटले. आता कळतं, त्यांना ठाऊक होतं. जाऊबाई मात्र मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ही ओरडली म्हणून मी हाय."