गोठ्याला लागून असलेले घर
गुरांच्या मुरघासाचा, त्या मुरवलेल्या चाऱ्याचा, आंबूस वास आला की काटेवाडीच्या सासरच्या ओसरीवरची ती संध्याकाळ आठवते. आम्हा दोघांना सुट्टीत स्कॉटलंडच्या खेड्यांतून चार दिवस गाडीने हिंडायचे होते आणि रोज परतायला एकच घर हवे होते. नवऱ्याने मोबाइलवर दाखवलेले दगडी घर देखणे होते, पण त्याला लागून गोठा होता. “शी! शेणाच्या वासात कोण राहणार?” मी म्हणाले. तो हसला, “मग हितं कशी राहतीस?” “नाइलाज!” असे मी म्हणाले, तेव्हा धारा काढून परतलेल्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या मोरीवर गेल्या. साबण घासल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मग त्यांनी मला चहा आणून दिला, ओले तळवे माझ्या चेहऱ्याजवळ धरले आणि विचारले, “येतोय वास?”