फळ्यावर एक, शेऱ्यात एक

पोपटराव शेवाळ्यांना फळ्याचं वेड लहानपणापासूनचं. जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे, आणि अक्षर बरं म्हणून रोजचा सुविचार लिहायचं काम गुरुजींनी पोपटकडे दिलेलं. एका सकाळी सुविचार काही सुचेना, तेव्हा पठ्ठ्यानं लिहून टाकलं, 'आज पहाटे गुरुजींची म्हैस व्याली.' गुरुजींनी छडी उचलली खरी, पण फळा पुसला नाही. उलट चौथ्या दिवशी सगळ्या शाळेला खरवस दिला. तेव्हापासून पोपटरावांच्या मनानं घेतलं की चार माणसं वाचतात अशी जागा मिळाली तर आपण तिथं रोज एक ओळ लिहायचीच.

पुढे एसटीत कंडक्टर झाले, एकोणीस वर्षांनी बढती मिळून वाहतूक नियंत्रक झाले, आणि आगारातला काळा फळा त्यांच्या ताब्यात आला. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, सगळं त्यांच्या गोल अक्षरात. निवृत्त होऊन डोंबिवलीला मुलाकडे, विनीतकडे, राहायला आले तेव्हा घरात सगळं होतं. फळा तेवढा नव्हता. मग मोबाइलवर स्टेटस टाकायला लागले. पण तो दुसऱ्या दिवशी गायब!

"अगं शिवानी, चोवीस तासांत आपोआप पुसला जातो तो कसला फळा?" ते सुनेला म्हणाले. "आमच्या गुरुजींनीसुद्धा खरवस होईपर्यंत ठेवलेला."

शिवानी ठाण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोन दिवस ऑफिसात, तीन दिवस घरून काम. सासऱ्यांचा खरवस तिनं तोवर निदान वीस वेळा ऐकलेला. ती म्हणाली, "बाबा, आपण तुमची स्वतःची साइटच काढू या. आपल्याच घरातून चालेल. कुणा कंपनीचा नियम नाही, जाहिरात नाही, आणि लिहिलेलं कायमचं राहील."

तिनं माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, पुसला आणि टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला. तो रात्रंदिवस चालू राहणार आणि लोक जगात कुठूनही त्यावरचा 'पोपटरावांचा फळा' वाचणार, असा बेत. तिसऱ्याच दिवशी पोपटरावांच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, मिक्सरसाठी त्याची पिन उपसली आणि फळा पाऊण तास ओल्या खोबऱ्याच्या चटणीखाली गेला. मग पोपटरावांनी पुठ्ठ्यावर लिहून चिकटवलं, 'चालू आहे. बंद करू नये. आदेशावरून.'

"कुणाच्या आदेशावरून?" कलावतीबाईंनी विचारलं.

"तसं लिहायची पद्धत असते."

शिवानीनं सगळं नीट समजावून सांगितलं. रोजची ओळ एका साध्या फाइलमध्ये लिहायची. त्या फाइलवर गिट नावाच्या एका गोष्टीची नजर असते. आपण काही बदललं की कुणी बदललं, कधी बदललं आणि का बदललं, हे ती लिहून ठेवते. ओळ खोडली तरी आधीची कुठं जात नाही, मागं जाऊन पाहता येते. शेवटी 'रवाना' म्हटलं की ओळ फळ्यावर.

"म्हणजे नियंत्रकाची नोंदवही!" पोपटरावांचा चेहरा असा फुलला की जणू कुणी जुना गणवेश इस्त्री करून हातात दिला. "आणि हे 'का'?"

"तिथं थोडक्यात कारण लिहायचं, बाबा. काहीही चालतं."

"कळलं. शेऱ्याचा रकाना."

इथंच सगळी मेख होती. आगारात माणसाला दोन जिभा ठेवाव्या लागतात. माइकवर सांगायचं, "गाडी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी सहकार्य करावे." आणि वहीच्या शेऱ्यात लिहायचं, 'टायर बदलणे चालू, पाऊण तास नक्की.' फलाटावर गोड, वहीत खरं. ती वही साहेबाशिवाय कुणी उघडत नाही. पोपटरावांनी चौदा वर्षं असंच केलं, आणि घरी बसून आता तेच सुरू केलं. शिवानीला वाटलं बाबा तिथं 'नवीन नोंद' वगैरे लिहीत असतील. तिनं कधी पाहिलं नाही. आणि फळ्याच्या तळाशी 'इतिहास' असा एक शब्द तिनं ठेवलेला, तो पोपटरावांनी कधी दाबला नाही.

सात महिन्यांत दोनशे अकरा नोंदी झाल्या.

आता गोपीनाथ मढवींचं सांगायला हवं. शीळफाट्याजवळच्या गावातला हा माणूस. वाडवडील मिठागरात राबलेले, पुढे जमिनीला भाव आला आणि घराचा बंगला झाला. पण गोपीनाथनं एसटीचं स्टिअरिंग काही सोडलं नाही. पोपटराव कंडक्टर असताना हा त्यांचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षांची जोडी. घाटात दरड पडली म्हणून एका गाडीत रात्र काढलेली, एकाच डब्यातली सुकट दोघांनी खाल्लेली. दरवर्षी चैत्रात गोपीनाथच्या गावदेवीची जत्रा असायची आणि जत्रेच्या आठ दिवस आधी फोन यायचाच: "पोपट्या, पयल्या पंगतीला माझ्या बाजूला बसाचा, इसरू नको." अडतीस वर्षांत हे बोलावणं एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा जत्रा चार दिवसांवर आली, फोन नाही.

पोपटरावांनी दोनदा स्वतः लावला. दोन्ही वेळा सखुबाईंनी, गोपीनाथच्या बायकोनं, उचलला. "ते झोपलेत." सकाळचे अकरा! जो माणूस उभ्या आयुष्यात दिवसा झोपला नाही तो अकराला झोपलेला? पोपटरावांना घास गोड लागेना.

त्या सोमवारी ठाण्यात खोपटला त्यांची बैठक होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एसटीतली निवृत्त मंडळी डेपोसमोर चहाला जमतात. गोपीनाथ आज भेटेलच, या आशेवर पोपटराव अर्धा तास आधी जाऊन बसले. गोपीनाथ आला नाही. गणू मेकॅनिक मात्र आला आणि आल्या आल्या त्यानं पोपटरावांच्या पाठीत थाप मारली.

"पोपटराव, शेरे लय भारी हां! आम्ही सगळे वाचतो."

"शेरे? फळा वाचता ना?"

"फळा कोण वाचतो हो! 'आज हवा छान होती.' 'आज जुने मित्र भेटले.' ते काय वाचायचं?" गणूनं मोबाइल काढला, तळाचं 'इतिहास' दाबलं आणि चष्मा वर करून मोठ्यानं वाचायला लागला. "फळ्यावर: 'खोपटला मित्रांसोबत आनंदात वेळ गेला.' शेरा: 'गणूने तोच म्हशीचा विनोद सहाव्यांदा सांगितला. शिष्टाचार म्हणून हसलो.'"

सगळे खो खो हसले. गणू सगळ्यात जास्त. पोपटरावांनी चहाचा कप खाली ठेवला. कारण त्यांना आठवलं, गोपीनाथच्या नोंदींखाली आपण काय काय लिहिलंय ते.

डोंबिवलीला घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत होते. चपला न काढताच म्हणाले, "शिवानी, सगळे शेरे पूस. आत्ताच्या आत्ता."

शिवानीनं 'इतिहास' उघडला, आणि पहिल्यांदाच वाचायला लागली. तिच्यामागं कलावतीबाईही येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?" कलावतीबाई म्हणाल्या. "'कलावतीच्या पुरणात जायफळ जास्त. बोललो नाही, सण आहे.' असं होय! आणि मला म्हणालात, पुरण फर्स्ट क्लास!"

"अगं, ते फलाटावरचं..."

"आणि हे काय, 'सुनेचा आवाज आज उतरलेला. ऑफिसात काही झाले असावे. विचारले नाही, तिच्या आवडीचे सोलकढीचे कोकम आणले'?"

ते कोकम शिवानीला आठवत होतं. मग तिनं खाली जाऊन गोपीनाथच्या नोंदी काढल्या. दोनच होत्या, महिन्याभरापूर्वीच्या, एकाच दिवसाच्या. फळ्यावर: 'आज गोपीनाथकडे जेवलो. मटण उत्तम.' शेरा: 'मटण खारट. मिठागरवाल्याच्या घरी हे व्हावे!' आणि दुसरा: 'गोपीनाथने आज मला समजून दुसऱ्याच माणसाला हाक मारली. डोळ्यांनी कमी दिसते. तरी रोज जीप काढतो. त्याला सांगायचे कसे? ज्याच्या मागे एकोणीस वर्षे डोळे मिटून बसलो, त्याला?'

पोपटराव खुर्चीत बसले. "त्याच्या नातीनं वाचून दाखवलं असणार. दर्शना. तीही कॉम्प्युटर शिकते. तीस वर्षं एकही अपघात नाही म्हणून बिल्ला मिळालेला माणूस आहे गं तो. मिठाचं एक वेळ सोड, पण मी त्याच्या डोळ्यांवर लिहिलं. तेही सगळ्या जगासमोर."

"पुसता येईल, बाबा," शिवानी म्हणाली. "पण हे शेरे काढायचे तर त्या दिवसापासूनचा सगळा इतिहास नव्यानं लिहावा लागेल. आणि ज्यांनी वाचलंय त्यांनी वाचलंच. सांगा, काढू?"

पोपटरावांची नजर पुठ्ठ्यावरच्या 'आदेशावरून'कडे गेली. त्यांना नोकरीत नवीन असतानाचे एक म्हातारे नियंत्रक आठवले. त्यांनी सांगून ठेवलेलं, "पान फाडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मार, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं लिही आणि सही कर. फाडलेलं पान माणसाला जन्मभर सलतं."

"नको," ते म्हणाले. "राहू दे. उद्या सकाळी लिहितो."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता, चहा व्हायच्या आत, एका बोटानं त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'गोपीनाथकडचे मटण त्या दिवशी खारट होते. तोंडावर उत्तम म्हणालो, मागे खरे लिहिले. त्याच्या डोळ्यांचेही त्याला सांगायला हवे होते, वहीला सांगितले. चूक माझी. बोलावणे नसले तरी आज अकरा वाजता येत आहे.' मग गिटनं नेहमीप्रमाणे विचारलं, का? शेऱ्यात त्यांनी लिहिलं: 'वरीलप्रमाणे.'

आणि रवाना.

कल्याण-शीळ रस्त्यावरून बसनं शीळफाटा, तिथून रिक्षा. मढवींच्या ओटीवर गोपीनाथ आरामखुर्चीत बसलेला, डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. पोपटराव पायरीवरच थांबले.

"ये की रं वर," गोपीनाथ म्हणाला. "का पायरीला पन शेरा मारतंस?"

"गोप्या, अरे..."

"मटान खारट व्हतं तं तवाच का नाय बोललास? दोनदा घेतलास!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आन जगानं वाचल्यावर मना गुदगुल्या झाल्या?" गोपीनाथ आतल्या दाराकडं वळून ओरडला, "सखू, ये बघ! मिठागरवाल्यांना मीठ शिकवनारा आयला!"

सखुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भावजी, त्या दिवशी मी आन सूनबाय, दोघींनी मीठ टाकलेलं. खारटच व्हतं. यांच्या भीतीनं कोन बोलत नव्हता."

गोपीनाथनं चष्मा जरा वर केला. डावा डोळा लालसर, पाणावलेला. "दर्शीनं तुझा तो दुसरा शेरा वाचला तवा दोन दिस जेवलो नाय मी. राग तुझा नव्हता, माझाच व्हता. दोन महिने मना समोरची पाटी दिसत नव्हती, आन मी कोनाला सांगत नव्हतो. डायवरनं कसा सांगाचा? तिसऱ्या दिवशी पोराला, हितेशला म्हटलं, चल डॉक्टरकडं. मोतीबिंदू. आठ दिस झाले आपरेशनला."

"म्हणून सखुबाई म्हणायच्या, झोपलेत?"

"झोपलो काय! बाजूलाच बसलेलो. मीच सांगितलं तिला, तसं बोल म्हनून. बघत व्हतो तू फळ्यावर काय लिवतंस. का गुपचूप पुसून टाकतंस." तो हसला. "पुसला असतास ना, तं यंदा पंगतीला तुझ्या जाग्यावर कुत्रा बसवला असता."

पोपटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मग आता दिसतं का?"

"दिसतं ना. तुझं नाक पयल्यापेक्षा मोठं झालंय."

दुपारी मंगळवारचं साधं जेवण होतं, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. गोपीनाथ भाकरी मोडता मोडता थांबला. सखुबाई थांबल्या. दारात उभी दर्शना मोबाइल हातात धरून थांबली. सगळे पोपटरावांच्या पहिल्या घासाकडे बघत होते.

पोपटरावांनी घास गिळला आणि ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात, आगारातल्या माइकसारखं, जाहीर केलं, "मीठ कमी आहे."

सखुबाईंनी कपाळावर हात मारला आणि मिठाची बरणीच त्यांच्यासमोर आपटली. गोपीनाथ एवढा हसला की डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलेलं, त्याची दर्शनाला दोनदा आठवण करून द्यावी लागली.

निघताना तो म्हणाला, "शुक्रवारी जत्रा हाय. पयल्या पंगतीला माझ्या बाजूला बसाचा. इसरू नको."

डोंबिवलीला आल्यावर पोपटरावांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि टीव्हीखालच्या कप्प्यापुढं मांडी घालून बसले. फळ्यावर लिहिलं: 'मढवींकडे जेवलो. बिरड्यात मीठ कमी होते. तसे सांगितले.'

का? गिटनं विचारलं.

शेरा: 'तरी तीनदा घेतले.'