दहा मोजेपर्यंत

न्यांगेता दिवसातून चार वेळा दहापर्यंत मोजायची. दार लावलेलं, कोंबड्या बाहेर हाकललेल्या, डाव्या हातात रेडिओ, उजव्या हातात भरलेली बॅटरी. एकला जुनी बॅटरी निघायची, चारला नवी बसायची आणि दहाच्या आत 'टुक' असा एकच आवाज आला की तिच्या जिवात जीव यायचा. 'टुक टुक' झालं की रेडिओ मुका. तसं एकदाच झालं होतं. त्यानंतरच्या तीन वर्षांत तिने न्यामासेकेचा किनारा सोडला नव्हता. दोन तासांवरच्या नान्सिओच्या बाजारालासुद्धा ती गेली नाही.

रेडिओ म्हणजे कुठल्याशा परदेशी पोलिसांनी भंगारात काढलेला वॉकीटॉकी. सरोवरात इंजिनचोरांनी उच्छाद मांडला होता. साध्या रेडिओवर होडीवाले आपापली जागा सांगत, चोर ते ऐकत आणि बंदुका घेऊन नेमके तिथेच हजर होत. म्हणून मच्छीमार संघाने म्वांझा शहरातल्या एका कारागिराकडून सतरा जुने संच घेतले. सोळा होड्यांना लहान आणि किनाऱ्याला हा थोरला. कारागिराने सगळ्यांत आकड्यांची एक गुप्त किल्ली भरली. किल्ली ज्याच्या पोटात, त्यालाच बोलणं कळणार. बाकीच्यांना नुसती खरखर. किल्ली आत घालता यायची, बाहेर काढता यायची नाही. पुढे, एकदाच परत येऊन गेल्यावर, तो कारागीर किल्ली भरायच्या यंत्रासकट काँगोत निघून गेला.

न्यांगेताचे वडील नान्सिओत रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे तिला कथलाचा डाग द्यायला येत होता. घर खडकावर, अँटेनाला सोयीचं. नवरा म्वांझात दुसरीबरोबर संसार थाटून बसलेला. संघाचे अध्यक्ष मागेसा म्हणाले, "तौसीची आई, तुझ्याशिवाय आहेच कोण?" ती खुलली. कौतुकाने बांधलेल्या माणसाला दोरी दिसत नाही, तसं झालं.

दुसऱ्याच महिन्यात घात झाला. पिठाचा हात लागला म्हणून तिने बॅटरी काढली आणि गाणं गुणगुणत रेडिओ पुसत बसली. बॅटरी परत लावली तर 'टुक टुक'. दहा मोजण्याहून जास्त वेळ वीज नसली की किल्ली पुसली जायची. कारागीर येऊन पुन्हा किल्ली भरेपर्यंत नऊ दिवस गेले. दूरच्या होडीची हाक फक्त तिच्याच अँटेनापर्यंत पोचायची, आणि त्या नऊ दिवसांत ती ऐकायला कुणी नव्हतं. सातव्या दिवशी चोरांनी माकेनेच्या होडीचं इंजिन काढून घेतलं आणि त्याला पाण्यात ढकललं.

माकेने तिचा शेजारी. त्याची बायको कबुला आणि ती एकाच उखळात कसावा कांडायच्या. दुखवट्याच्या चटईवर न्यांगेता पाच दिवस बसून राहिली, पण कबुलाने तिच्याकडे मान वळवली नाही. त्यानंतर कबुला तिच्याशी कधी बोललीच नाही. गावाने मोठ्याने दोष दिला नाही. मागेसा एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. आता हा सोडू नकोस."

तिने सोडला नाही. विहिरीवर जाताना रेडिओ कमरेला, पिठाची घट्ट उगाली ढवळताना मांडीवर. मावशी वारली तेव्हाही ती गेली नाही. तौसीचं, एकुलत्या एक लेकीचं, लग्न सरोवरापलीकडे बुंडाला झालं. ते तिने आंब्याखाली बसून फोनवर ऐकलं. दुसऱ्या कुणाच्या हातात रेडिओ द्यायचा विचार आला की माकेनेचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढे यायचा. हातून एक माणूस गेलेल्या बाईने लग्नात नाचायचं कुठल्या तोंडाने, असं ती स्वतःलाच विचारायची.

मग तौसीला मुलगी झाली.

"आई, बाळाला सासूच न्हाऊ घालते," तौसी फोनवर म्हणाली. "बायका विचारतात, तुला आई नाही का?"

"अगं, रेडिओ..."

"त्यालाच न्हाऊ घाल मग! दुपटं पाठवू का?"

फोन ठेवल्यावर न्यांगेताने उगालीचं भांडं दोनदा घासलं.

त्याच आठवड्यात होडीवाला ब्विरे डोकं खाजवत आला. "ताई, रागावू नका. माझ्या रेडिओची बॅटरी काल पाण्यात पडली."

"किती वाजता?"

"सकाळी. आज भावाची जुनी घातली. बोलतोय की चांगला!"

"दिवसभर, रात्रभर बॅटरी नव्हती? आणि किल्ली आहे?"

"मला काय ठाऊक? बोलतोय म्हणजे असेल."

न्यांगेता त्याच्याकडे बघतच राहिली. होड्यांवर बॅटऱ्या कधी पडतात, कधी निघतात, याचा हिशोब कोण ठेवतो? आणि दहा मोजणारी आपण एकटीच हे तिला आज कळलं, कारण तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तिने ब्विरेला बसवलं, चहा दिला आणि त्याच्यासमोरच त्याचा संच उघडला. आत मसुराच्या डाळीएवढा एक चकचकीत सेल होता. बॅटरी नसताना किल्ली जगवायचं काम त्याचं.

तिने ब्विरेलाच नान्सिओच्या घड्याळवाल्याकडून तसला सेल आणायला धाडलं. रविवारी, सगळ्या होड्या किनाऱ्याला असताना, तिने आपला रेडिओ उघडायला घेतला. वीज क्षणभरही तुटू नये म्हणून दुसऱ्या बॅटरीच्या तारा आधी त्याच्या पट्ट्यांना जोडल्या. स्क्रू काढले. आतला सेल पांढरा पडून फुगला होता. त्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर कारागिराने निळ्या पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या.

'१४ मार्च. आतला सेल मेलाय. अध्यक्षांना सांगितलं.'

'११ मे. पुन्हा सांगितलं.'

माकेने गेला नऊ मेला. अकरा मेला कारागीर किल्ली भरायला आला तेव्हा न्यांगेता कबुलाच्या अंगणात दुखवट्याच्या चटईवर बसली होती. म्हणून तो तिला भेटलाच नव्हता.

तिने ओळी चार वेळा वाचल्या. मग जुना सेल काढला, नव्याला डाग दिला, झाकण बसवलं, बॅटरी लावली. आणि मग तीन वर्षांत जे स्वप्नातही केलं नव्हतं ते केलं. बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि घागर घेऊन ती विहिरीवर गेली. दहा झाले, शंभर झाले, मग तिने मोजणं सोडून दिलं. घागर भरून परत आली, हात पुसले, बॅटरी बसवली.

'टुक.'

ती खाली बसली आणि हमसून रडली. सुटल्याचा आनंद होता असं म्हणायचं तर खोटं होईल. राग होता, तीन वर्षांचा, आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. पळत जाऊन कबुलाला सांगावं असं वाटलं. पण आपणच सांगितलं तर ती म्हणेल, स्वतःची मान सोडवून घेतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागेसांच्या ओट्यावर गेली. ते दगा नावाच्या बारक्या माशांचं वाळवण राखत बसले होते.

"बाबा, बॅटरी नसताना किल्ली टिकवेल असं काही याच्या पोटात असतं का हो?"

मागेसांचा हात माश्या हाकता हाकता थांबला. "तसलं काही नसतं त्यात. जुनी वस्तू आहे, जपावी लागते."

"म्हणजे त्या वेळी सगळं माझ्याच हातून झालं."

"कशाला उकरून काढतेस? कुणी दोष दिलाय का तुला?"

त्या क्षणी तिचा उरलासुरला आदरही गेला. तिने रेडिओ, तीन बॅटऱ्या आणि चार्जर त्यांच्या मांडीवर ठेवला. "मी बुंडाला जाते, नातीला न्हाऊ घालायला. आजपासून तुम्ही सांभाळा."

"मी? अगं, माझे हात कापतात!"

"दहापर्यंत मोजता येतं ना, बाबा? मग झालं."

सेल बदलता येतो असं मागेसांनी आता म्हणावं, तर तीन वर्षं तोंड का शिवलं होतं ते सांगावं लागणार. ते नुसते रेडिओकडे बघत राहिले, वाळवणावर कावळे उतरले तरी. न्यांगेता फेरीबोटीत बसली तेव्हा कमरेला सारखा हात जात होता.

बुंडाला तिने नातीला न्हाऊ घातलं, तौसीच्या सासूशी पाणी किती कोमट असावं यावरून भांडली, लेकीला भाकरीसारखं चापटून चापटून तेल लावलं. अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"न्यांगेता," मागेसा म्हणाले. "अकरा दिवस डोळ्याला डोळा नाही. घास उतरत नाही. आत एक सेल असतो गं."

"हो का?"

"तेव्हाच बदलायला हवा होता. आधी मी हयगय केली. आणि मग माकेने गेला, मग कुठल्या तोंडाने... तुझं काही चुकलं नव्हतं."

मांडीवर बाळ होतं म्हणून ती ओरडली नाही. "सेल मी बदललाय, बाबा. तुमच्या हातात दिला त्याच्या आदल्याच दिवशी."

"आता झोपू का मी?" मागेसा लहान पोरासारखे म्हणाले.

"झोपा. पण आधी बटण दाबा आणि आत्ता मला जे सांगितलंत ते सोळाही होड्यांना सांगा. माकेनेचा भाऊही होडीवर ऐकत असेल, तो कबुलाला सांगेल. घाबरू नका, चोरांना त्यातलं काही ऐकू जात नाही."

तिने फोन ठेवला. न्यामासेकेच्या रेडिओचा आवाज बुंडापर्यंत पोचत नाही. त्यांनी बटण दाबलं की नाही ते तिला कळायला मार्ग नव्हता, आणि दुपारभर तिचं कशात लक्ष लागलं नाही.

ऊन उतरताना पुन्हा फोन वाजला. दूरवर उखळात मुसळ पडल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"तौसीची आई," कबुला म्हणाली. तीन वर्षांनी. आवाज तसाच होता, थोडा जाड झालेला. "नातीचं नाव काय ठेवलंत?"

न्यांगेताला नाव सांगायचं होतं, पण तोंडून शब्द फुटेना. कबुला फोन न ठेवता थांबून राहिली.